कोमट पाण्यातला बाळकृष्ण

बाळकृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा पाण्याच्या वर आला होता, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. आदल्या संध्याकाळी मी पाणी घातलं तेव्हा तो पूर्ण बुडालेला होता. जयपूरची हवा इतकी कोरडी असते की थंडीतसुद्धा उघड्या भांड्यातलं पाणी कमी होत जातं आणि उरलेल्या पाण्यात क्षार वाढत जातात. त्यामुळे गोळ्याभोवती पांढरी कड धरली होती. पितळी गोळ्यापेक्षा ती कडच जास्त लोण्यासारखी दिसत होती.

मी तांब्यानं थोडं पाणी घातलं. गोळा बुडाला. मग मी चहा ठेवला, कारण सासूबाई उठायच्या आत दोन्ही कामं झालेली बरी असत.

आमच्याकडे देव पाण्यात ठेवायची पद्धत आहे. एखादी गोष्ट अडली की देवघरातली मूर्ती पाण्यात बुडवायची आणि गोष्ट मार्गी लागेपर्यंत बाहेर काढायची नाही. माझ्या सासूबाईंचा, सुधाबाईंचा, देवावर पूर्ण विश्वास होता. फक्त तो कामं वेळेवर करतो यावर नव्हता. २००६ सालची दिवाळी होऊन थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी त्यांनी रांगत्या बाळकृष्णाला देव्हाऱ्यातून उचललं आणि ओट्यावरच्या स्टीलच्या पातेल्यात सोडलं.

"राजनच्या बदलीचं एकदा काय ते ठरव, मग काढते बाहेर," त्या त्याला म्हणाल्या. "तोवर बस पाण्यात."

रांगता असल्यामुळे बसणं त्याला शक्य नव्हतं, पण तो राहिला.

राजन, म्हणजे माझा नवरा, विमा कंपनीत अधिकारी. आम्ही बरीच वर्षं जयपूरला बनी पार्कमध्ये एका घराच्या तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. आमचा मुलगा निनाद पुण्याला हॉस्टेलवर होता. सासूबाईंना वाटे, मुलगा सांगलीला आला, नातू शनिवार-रविवार आला, की घर पुन्हा घरासारखं होईल. सासरे गेल्यापासून त्या सांगलीच्या घरात एकट्याच होत्या. "तिन्हीसांजेला दिवा लावला की कुणाला तरी 'नमस्कार कर' म्हणून सांगावंसं वाटतं," त्या म्हणत. "कुणाला सांगू, भिंतीला?"

आमच्याकडे त्या दिवाळीसाठी आल्या होत्या. परतीचं तिकीट काढलं नव्हतं, पण सुटकेसही रिकामी केली नव्हती. मी कपाटातला एक कप्पा मोकळा करून दिला होता. त्यात त्यांनी फक्त चष्म्याचं घर ठेवलं. पातळं धुऊन वाळली की घडी घालून परत सुटकेसमध्ये.

बदलीबद्दल त्यांची समजूत अशी होती की ती मुंबईच्या हेड ऑफिसात कुठेतरी अडकून पडली आहे आणि तिथून ती सोडवायची म्हणजे देवच लागणार. प्रत्यक्षात ती आमच्या जेवणाच्या टेबलावर अडकली होती. साहेबांनी राजनला केव्हाच विचारलं होतं: सांगलीची जागा रिकामी होते आहे, हवी असेल तर वर्ष संपायच्या आत सांगा. राजन म्हणाला होता, बघू.

राजन वाईट माणूस नाही. त्याला दोन शर्टांतला एक निवडायला सांगितला तर तो अंघोळीला परत जातो.

आणि मला जायचं नव्हतं. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पाणी तपासायची एक छोटी खाजगी प्रयोगशाळा आहे, तिथे मी काम करते. कारखान्यांच्या बोअरवेलचं पाणी बाटल्यांतून येतं आणि त्यात काय काय आहे ते मी सांगते. जयपूरच्या पाण्यात बरंच काही असतं, त्यामुळे काम संपत नाही. खिडकीशी माझं टेबल आहे, त्यावर माझ्याशिवाय कुणी काही ठेवत नाही. 'मला जायचं नाही' हे वाक्य लहान आहे, पण ते मी कुणालाच म्हटलं नव्हतं. याआधीच्या प्रत्येक बदलीला राजननं विचारलं होतं, तुला काय वाटतं, आणि मी म्हटलं होतं, तुम्ही ठरवा. त्याची इतकी सवय झाली होती की माझ्या तोंडून ते आपोआप येई, शिंक आल्यावर रुमाल यावा तसं.

बाळकृष्ण पाण्यात गेल्याचं घराबाहेर पहिल्यांदा कळलं ते संतोष भाभींना. त्या वरच्या मजल्यावर राहत, घर त्यांचंच. संतोष हे इकडे बायकांचंही नाव असतं हे सासूबाईंना पटायला आठवडा लागला होता. भाभी विरजण मागायला आल्या, ओट्याशी वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"लाला पानी में गिर गया है," त्या हळूच म्हणाल्या आणि बाही वर सारायला लागल्या.

सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "गिरा नहीं. हमने डाला है."

"आपने डाला है."

"हां."

"दिसंबर में."

"महीना देखके थोडीच डालते हैं," सासूबाई म्हणाल्या. सांगलीहून येताना त्या स्वतःचं हिंदी घेऊन आल्या होत्या. "जब तक लडके का बदली नहीं होता, तब तक ये अंदर."

"मतलब हवालात."

"हवालात कशाला? थोडा..." त्या माझ्याकडे वळल्या. "विनया, धाक म्हणजे काय गं हिंदीत?"

मी म्हटलं, धाकच म्हणतात बहुतेक. भाभींना शब्द कळला की नाही माहीत नाही, पण अर्थ कळला. त्यांनी पातेल्यातल्या मूर्तीकडे पाहून पदर नीट केला, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर करतात तसा.

"हमारे गोपालजी को तो शाम से मोज़े पहना देते हैं," त्या म्हणाल्या. "और रजाई. कल से अँगीठी भी रखूँगी."

सासूबाईंनी मला मराठीत विचारलं, "मग तो कामं करतो का यांची? विचार."

मी विचारलं.

"काम?" भाभी म्हणाल्या. "उनसे काम कौन करवाता है, वो तो घर का बच्चा है."

"मुलांना वळण लावावं लागतं," सासूबाई म्हणाल्या, आणि हे भाषांतर करायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी थर्मास घेऊन खाली आल्या. थर्मासमध्ये गरम पाणी होतं. ते पातेल्यात घालायचं असा त्यांचा विचार होता. सासूबाई पातेल्यापुढे उभ्या राहिल्या.

"त्याला तिथं सुखाचं वाटायला लागलं तर तो कशाला घाई करील?" त्या मला म्हणाल्या. "सांग त्यांना. एवढी तरी अक्कल पाहिजे की."

भाभींचं म्हणणं असं होतं की कुडकुडणारं मूल काही ऐकत नाही, त्याचं सगळं लक्ष कुडकुडण्यात जातं. आधी त्याला ऊब द्या, मग काय मागायचं ते मागा. सासूबाईंचं म्हणणं होतं की ऊब मिळाली की झोप लागते. दोघी आपापल्या जागी अगदी तर्कशुद्ध होत्या. मी अशा चर्चा विज्ञान परिषदांमध्येही ऐकल्या आहेत, पण तिथे दोन्ही बाजूंनी इतकी तयारी केलेली नसते.

शेवटी कोमट यावर एकमत झालं. मग कोमट म्हणजे किती यावरून पुन्हा सुरुवातीपासून. भाभींच्या मते तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं. सासूबाईंच्या मते हात घातला तर दचकायला होऊ नये इतपत, त्यापुढे लाड नकोत. मी प्रयोगशाळेतून काचेचा थर्मामीटर आणला आणि पंचवीस अंशांवर तडजोड करून दिली. आम्ही कामावर ज्याला खोलीचं तापमान म्हणतो ते हेच. दोघींनाही आपण जिंकलो असं वाटलं.

पंचवीस अंश राखायचं काम माझ्याकडे आलं. माझा देवावर विश्वास नाही. सासूबाईंना हे ठाऊक आहे, आणि माझ्या हाताला चव आहे तोवर त्यांची हरकत नाही. पण एकदा तापमान ठरलं की ते पाळायला पाहिजे. डिसेंबरात आमच्या स्वयंपाकघरात पातेल्यातलं पाणी चहा होईतो थंड पडायचं. म्हणून मी पाण्याच्या नमुन्यांसाठी येते तशी थर्माकोलची पेटी आणली आणि पातेलं त्यात बसवलं. पेटीवर 'नमूना: उलटा न रखें' असं छापलेलं होतं. सासूबाईंनी त्यावर हळद-कुंकू लावलं.

राजननं त्या दिवसापासून स्वयंपाकघरात यायचं सोडलं. पाणी हवं असलं तर बाहेरून हाक मारी. ऑफिसातून येताना तो दारातच चपला काढत बराच वेळ काढायचा.

एकदा जेवण झाल्यावर, सासूबाई वर भाभींकडे गेल्या असताना, तो म्हणाला, "साहेबांनी परत विचारलं."

"मग?"

"म्हटलं, बघू." तो बडीशेप निवडत होता. बडीशेपेत निवडण्यासारखं काही नव्हतं. "तुला काय वाटतं?"

"तुम्ही ठरवा."

"तसं नाही, तुझं काय मत आहे?"

"तुमची बदली आहे."

"हो, पण जायचं दोघांनी."

"म्हणूनच म्हणते, तुम्ही ठरवा."

"मग बघू," राजन म्हणाला, आणि आम्हा दोघांनाही बरं वाटलं.



मूर्तीवरचा पांढरा थर वाढत चालला तशी सासूबाईंना चिंता वाटू लागली. बाळकृष्णाला भुवया आल्या होत्या. बाहेर काढून घासायचं तर नेम मोडतो. त्यांनी विचार करून पाण्यातच चिंचेचा कोळ घातला. "बाहेर काढायचं नाही एवढंच म्हटलंय. आत काय घालायचं नाही असं कुठं म्हटलंय?"

मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा पाणी तपकिरी झालं होतं, ते तसंच राहू द्यायचं असं ठरलं होतं आणि माझं मत विचारलेलं नव्हतं. दोन दिवसांनी ते ओतून मूर्ती पाहिली तेव्हा क्षार गेले होते. नाक आणि दोन्ही गाल मात्र स्वच्छ गुलाबी झाले होते.

संतोष भाभींना बोलावलं गेलं. त्यांनी एक नजर टाकली.

"जुकाम है," त्या म्हणाल्या. "मैंने पहले दिन कहा था."

"पितळ म्हणजे तांबं आणि जस्त," मी म्हटलं. "आंबट पाण्यात जस्त आधी विरघळतं. तांबं मागे राहतं. ते गुलाबी दिसतं."

मी हे हिंदीतही सांगितलं. दोघींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वही तो," भाभी म्हणाल्या. "ठंड में सबसे पहले ताक़त ही जाती है." त्या वर गेल्या आणि तुळस, आलं, मिरी घातलेला काढा घेऊन आल्या. सासूबाई इतक्या हादरल्या होत्या की त्यांनी चमचाभर काढा पाण्यात घालू दिला.

नंतर त्या ओट्याशी उभ्या राहून मूर्तीकडे बघत राहिल्या. "मी जरा जास्तच करतेय का गं?" त्या म्हणाल्या. मग लगेच, "पण आता मधेच काढला तर आजवरचं सगळं फुकट जाणार. त्याचं पण आणि माझं पण."

त्यानंतर मी प्रयोगशाळेतून ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन आणायला लागले. त्यानं क्षार धरत नाहीत. सासूबाईंनी कॅनचं झाकण उघडून वास घेतला.

"हे कसलं पाणी?"

"यात काहीच नाही. नुसतं पाणी."

"काहीच नाही म्हणजे?"

"वाफ करून परत पाणी केलेलं. त्यापेक्षा शुद्ध नसतं."

"गंगेचंसुद्धा नाही?"

मी जे खरं होतं ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं, देव्हाऱ्यातली गंगाजलाची लोटी फोडली आणि दोन पळ्या कॅनमध्ये घातल्या. "आता झालं शुद्ध," त्या म्हणाल्या.

या सगळ्यात एक गोष्ट झाली. सासूबाई आणि भाभी सकाळी एकत्र देवळात जायला लागल्या. सायकलरिक्षात दोघींमध्ये एकच शाल. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांचा वाद ऐकू यायचा: धाक की लाड. परत येताना हातात गाजरं असायची आणि वाद तोच असायचा. भाभींनी आमच्या बाळकृष्णासाठी लाल लोकरीचा स्वेटर विणला. ओल्या अंगावर स्वेटर कोण घालतं, असं म्हणून सासूबाईंनी तो पेटीच्या कडेवर घडी करून ठेवला. रोज पाणी बदलताना मला तो उचलून बाजूला ठेवावा लागे. तो माझ्या दोन बोटांत मावायचा.

सुटकेस मात्र होती तिथेच होती.

पौष लागला की जयपुरात देवळांतून आणि घरांतून पौषबडे करतात. मुगाच्या डाळीची गरम भजी, तुपातला शिरा, देवाला नैवेद्य आणि मग ज्याला ज्याला बोलावता येईल त्याला जेवण. वर्षाच्या शेवटच्या रविवारी भाभींकडे पौषबडे होते. त्या कुंकवाची वाटी घेऊन आमंत्रणाला आल्या आणि सरळ ओट्याशी गेल्या.

"लाला, इतवार को दोपहर में," त्या पेटीत वाकून म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. "आप लोग भी आइएगा."

"तो पाण्यात आहे," सासूबाई म्हणाल्या.

"तो पानी समेत आ जाए."

सासूबाई विचारात पडल्या. नेम मोडायचा नाही, पण आमंत्रण नाकारायचं म्हणजे कुणाला नाकारायचं, भाभींना की त्यांच्या घरच्या गोपालजींना? तो तर हाच. शेवटी त्यांनी निर्णय दिला: पातेलं पेटीसकट वर जाईल आणि राजन ते नेईल, कारण हे सगळं चाललंय कुणासाठी?

रविवारी राजननं पेटी उचलली. बाहेरचा जिना उघडा होता आणि वारा होता. राजन जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबून पुढची पायरी कोणत्या पायानं चढायची ते ठरवत होता, त्यामुळे पाणी पुढेमागे हिंदकळत राहिलं. वर पोचेपर्यंत निम्मं पाणी त्याच्या पँटवर होतं. बाळकृष्ण पोटापर्यंत उघडा पडला होता. सासूबाईंनी भाभींच्या स्वयंपाकघरातून तांब्याभर पाणी आणून त्याला पुन्हा बुडवलं. पाणी गार होतं की कोमट, ते मला विचारता आलं नाही.

भाभींचे गोपालजी मखमली गादीवर होते. टोपी, मोजे, स्वेटर, गळ्यात मफलर, पुढे अँगीठी, म्हणजे पेटलेल्या कोळशांची शेगडी. त्यांच्या शेजारी आमची थर्माकोलची पेटी ठेवली. दोघांची रांगायची ऐट एकच होती, हातातले गोळे एकच होते. एक काश्मीरला निघाल्यासारखा दिसत होता आणि दुसरा पोहायला.

गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांनी एकेक करून पेटीत डोकावून पाहिलं.

"ये डूबे हुए क्यों हैं?"

"बेटे का तबादला अटका है," भाभी सांगत होत्या. "इनके यहाँ ऐसा करते हैं."

ही माहिती खोलीभर फिरली. दारापाशी पोचेपर्यंत राजन निलंबित झाला होता आणि गच्चीत त्याच्यावर खटला चालू होता. एक म्हातारीशी बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेली. राजननं तिला नमस्कार केला.

नैवेद्य दाखवताना सासूबाईंनी एक भजं पातेल्याच्या काठावर ठेवलं. ते आत पडलं आणि तरंगायला लागलं. त्याभोवती तेलाचा तवंग पसरत गेला, कडेला निळा, मध्ये पिवळट. मी तो पाहत होते, तेवढ्यात भाभी पेटीजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "आज सब मिलकर कह दो लाला से. इतने लोगों की तो सुनेगा."

आणि त्या सगळ्या बायका, ज्यांच्यापैकी निम्म्या मला ओळखतही नव्हत्या, आमची सांगलीला बदली व्हावी म्हणून टाळ वाजवून भजन म्हणायला लागल्या. खरोखर मनापासून म्हणत होत्या. सासूबाई मधोमध बसून टाळ वाजवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात धरला. "अब तो आप चली ही जाएँगी," ती म्हणाली. मी मान हलवली. बनी पार्कातला एवढा सद्भाव माझ्या विरुद्ध बाजूला एकवटलेला मी कधी पाहिला नव्हता.

भजन संपल्यावर भाभींचे यजमान, ज्यांना सगळे भाईसाहब म्हणत, शिऱ्याची वाटी घेऊन राजनजवळ आले. त्यांचा संगमरवराला पॉलिश करायचा कारखाना होता आणि आवाज त्या मशीनवर चढवायची सवय असल्यासारखा होता.

"भगवान तो अपना करेंगे," ते म्हणाले, "पर मेरे साढू आपके ही दफ़्तर में हैं, तबादले वाले सेक्शन में. आपने कभी बताया ही नहीं."

"नाही, म्हणजे, नहीं, ज़रूरत नहीं," राजन म्हणाला.

"अरे, तकल्लुफ़ छोड़िए." त्यांनी खिशातून मोबाईल काढला होता. "इतवार है, वो बड़े साहब के घर बैठे होंगे. ताश चलती है." मग त्यांना लक्षात आलं की हे सगळ्यांनी ऐकावं, कारण भजन सगळ्यांनी म्हटलं होतं. त्यांनी फोनचा स्पीकर चालू केला.

राजननं माझ्याकडे पाहिलं. मी तवंगाकडे पाहिलं.

साडूंनी फोन उचलला. भाईसाहबांनी काम सांगितलं. पलीकडे पत्ते पिसल्याचा आवाज येत होता.

"राजनजी का?" साडू म्हणाले. "सांगली वाला? भाईसाहब, वो अटका कहाँ है, वो तो उन्हीं के हाथ में है. साहब ने दिवाली से पहले पूछ लिया था. जब पूछो, कहते हैं देखते हैं."

 

सासूबाईंचं हिंदी बोलायचं वेगळं होतं, पण समजायचं चांगलं होतं. त्यांनी टाळ खाली ठेवला.

"तुला विचारलं होतं?"

"हो," राजन म्हणाला.

"दिवाळीच्या आधी?"

"हो."

"मग तू काय म्हणालास?"

"बघू म्हणालो."

"आणि मी याला इथं..." त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. "सर्दी होईस्तोवर."

"लाला तो निर्दोष निकला," संतोष भाभी म्हणाल्या.

सगळ्या बायकांनी माना वळवून पेटीत पाहिलं. बाळकृष्ण एका भज्याखाली रांगत होता. नाक गुलाबी होतं. त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, जे आधीपासून होतं. ओतलेलं असतं ते, बदलत नाही. पण त्या क्षणी ते जरा जास्तच समजूतदार वाटलं हे मी मान्य करते.

"हॅलो," फोनमधून साडू म्हणाले. "साहब यहीं बैठे हैं. कह रहे हैं, आज ही बता दें, हाँ या ना, कल दूसरे का नाम भेज देंगे."

भाईसाहबांनी मोबाईल राजनपुढे धरला. राजननं तोंड उघडलं. त्यानं त्याच्या आईकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि मग त्या भरल्या खोलीत, शिरा हातात घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या गल्लीपुढे तो म्हणाला, "विनया, तुला काय वाटतं?"

'तुम्ही ठरवा' माझ्या जिभेवर येऊन उभं होतं. थर्मामीटर पातेल्यातच होता, तो मी सवयीनं वाचला. पारा अठराच्या खाली होता आणि अजून उतरत होता. मी इतके दिवस रोज सकाळी उठून त्या मूर्तीला पंचवीस अंशांवर ठेवत होते, आणि ती पाण्यात ज्या एका उत्तरासाठी होती ते माझ्याकडेच होतं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या मुलाकडे बघत नव्हत्या. त्या पेटीच्या कडेवरचा लाल स्वेटर हातात घेऊन बसल्या होत्या, आणि भाभींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. मला त्यांचा तो कपाटातला कप्पा आठवला, त्यातलं चष्म्याचं एकटं घर. कप्पा मी दिला होता. 'राहा' असं म्हटलं नव्हतं. तेही त्यांनी ठरवावं असंच मला वाटत होतं.

मी भाईसाहबांच्या हातातून फोन घेतला, पण बोलले ते फोनमध्ये नाही.

"आम्ही सांगलीला जाणार नाही," मी म्हटलं. "आणि आई, तुम्हीही जायचं नाही. उद्या ती सुटकेस रिकामी करून माळ्यावर टाकू."